कोड मी फाडला नाही

"आमच्या साडूंना फोनचं जमेना. दहा रुपयांच्या चहासाठी तीनदा बोट दाबलं, पैसे जाईनात, मागं कंपनीची पोरं हसायला लागली. मग पेटले. टपरीवरचा कोडच फाडून खिशात घातला आणि म्हणाले, उद्यापासून सगळ्यांनी रोख द्यायची. बघा, शेवटी त्यांनाही पटलं, नोटेला पर्याय नाही."

ही हकिकत माझे साडू माझ्याविषयी सांगतात. संत तुकाराम नगरातल्या बागेबाहेरच्या आमच्या सकाळच्या बाकावर सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात, आणि गेल्या महिन्यात तर एका बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून सांगत होते. ऐकणारे हसतात. माझा मुलगाही हसला. तो संगणकाच्या कंपनीत आहे, तेव्हा त्याच्या मते बाबांना फोन जमला नाही हे आपोआपच सिद्ध आहे. मी आजवर गप्प राहिलो, कारण साडू बोलताना मध्ये कुणाला शिरू देत नाहीत. कागदावर त्यांना ती सोय नाही.

या हकिकतीत एकच गोष्ट खरी आहे. चहा दहा रुपयांचा होता.

प्रथम फाडण्याविषयी. तो कोड जाड प्लास्टिकच्या पाटीवर छापलेला होता आणि पाटी टपरीच्या पत्र्यावर चार स्क्रूंनी बसवलेली होती. ते चारही स्क्रू मी स्क्रूड्रायव्हरने, डोकी न बिघडवता काढले, कागदाच्या पुडीत बांधले आणि टपरीच्या मालकिणीच्या हातात दिले. पुतण्याचे चिखलीत लहानसे वर्कशॉप आहे. तिथे मी रोज दोन तास जाऊन तयार मालाची मापे तपासतो, म्हणून माझ्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर असतो. तेहेतीस वर्षे मी एका मोठ्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. आमच्या विभागात माणसे वस्तू फाडत नसत.

दुसरे, फोनविषयी. साडू जेव्हा फाटकी नोट खपवायला तीन दुकाने हिंडत होते, तेव्हा मी विजेचे बिल, गॅसचे पैसे आणि नातवाच्या शाळेची फी घरबसल्या फोनवरून भरत होतो. एवढेच कशाला, त्या टपरीवर कोड लागला तोच माझ्यामुळे. हे मी अभिमानाने सांगत असे. आता कसे सांगावे ते कळत नाही, पण सांगितलेच पाहिजे.

टपरी आमच्या बाकापासून वीस पावलांवर, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसथांब्याशी आहे. पहिल्या पाळीची माणसे तिथे उभ्या उभ्या चहा-पोहे घेतात. चालवणारी बाई मराठवाड्यातली, चाळिशीच्या आतली. नवरा चाकणहून मोटारींनी भरलेला लांबलचक ट्रेलर घेऊन परराज्यांत जातो आणि महिन्यातून दोन-तीन दिवस घरी असतो. मधल्या काळात घरातला पुरुष म्हणजे तिचा दीर. त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, सुट्या भागांची ने-आण करतो.

सुरुवातीला तिच्याकडे रोखीचाच व्यवहार होता आणि बस सुटण्याच्या घाईत सुट्ट्यांवरून रोज खोळंबा होई. दहाच्या चहाला पोरे दोनशेची नोट काढत. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवी, ती सुट्ट्यांसाठी आमच्या बाकाकडे धावत येई. मी तिला सांगितले, कोड लाव. एकदा नव्हे, महिनाभर सांगितले. नाणे आणि नोट या गेलेल्या जमान्याच्या वस्तू आहेत, असे मी तिला आणि ओघाने साऱ्या बाकाला बजावले.

साडू आमच्याच कारखान्याच्या स्टोअर्स विभागातून निवृत्त झालेले. मोजून देणे आणि मोजून घेणे यावर त्यांची हयात गेली. ते म्हणत, "राव, नोट हातात असली की माणूस तिचा मालक. तुमच्या त्या फोनमध्ये काय आहे? आकडा. आकडा काय खिशात ठेवता येतो?"

मी म्हणे, "कँटीनमध्ये पितळी बिल्ला देऊन जेवत होता ना वीस वर्षं? तो काय नोट होता? त्यावर नुसता आकडाच होता. तेव्हा पोट भरलं की नाही?"

"बिल्ला हातात तरी होता."

"एकदा हरवलात, मग माझ्याच बिल्ल्यावर जेवलात. सांगू का सगळ्यांना?"

असे आमचे चाले, आणि त्यात मीच जिंकत असे हे बाकावरचे इतर लोक आजही कबूल करतील.

शेवटी तिने दिराला सांगितले, दिराने कोणा माणसाकडून पाटी आणि तो बोलका बॉक्स आणून लावला. पहिल्या सकाळी बॉक्स खणखणीत आवाजात "दहा रुपये प्राप्त झाले" म्हणाला, तेव्हा मी बाकावरून उठून उभा राहिलो होतो. खोळंबा संपला. बस वेळेवर सुटू लागली. आठ महिने मी त्या पाटीकडे स्वतःच्या हातच्या कामाकडे बघावे तसा बघत होतो.

मग ती सकाळ आली. मी फोन काढला तशी ती हळू आवाजात म्हणाली, "काका, रोख दहा असतील तर द्या ना."

मला राग आला. मी म्हणालो, "अगं, एवढं शिकवलं ते वाया गेलं का? पुन्हा मागे जायचं?"

"न्हाई हो काका. द्या की आजच्या दिवस."

तिचा आवाज मला बरा वाटला नाही. बस जाईपर्यंत मी थांबलो. टपरी रिकामी झाल्यावर तिने पातेले घासता घासता सांगितले. थोरल्या मुलीला यंत्र अभियांत्रिकीच्या डिप्लोमाला जागा मिळाली होती. सरकारी यादीत नाव, कॉलेजही जवळचे. फीचा पहिला हप्ता पंधरा दिवसांत भरला नाही तर जागा पुढच्या मुलाला जाणार होती.

"मग भर की," मी म्हणालो. "दिवसभर तर तो बॉक्स ओरडतोय."

"वरडतोय. पण पैसे भावजींच्या फोनात जात्यात."

"तू मागून घे."

"मागितले. म्हणले, टेम्पोचा हप्ता गेला त्यात, पुढच्या महिन्यात बघू. पोरीला एक वरीस घरी ठेव म्हणत्यात. आधी डब्यात नोटा असायच्या तवा मी गुपचूप बाजूला काढायची काका. आता बाजूला काय काढू?"

मी नवऱ्याला फोन कर म्हणालो. ती म्हणाली, "ते तिकडं गाडी चालवत्यात. भावाभावात भांडण लावून देऊ व्हय?" मी फी भरतो म्हणालो. त्यावर तिने पातेले खाली ठेवले. "उसनं नको. माझेच पाहिजेत. मी रोज पहाटे उठते ते कशाला?"

मी पाटीसमोर जाऊन फोन धरला. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते, हे सर्वांना ठाऊक आहे. नाव दिराचे होते. ते पहिल्या दिवसापासून तिथे होते. आठ महिने, दिवसातून दोन चहा, म्हणजे किती वेळा ते नाव माझ्या डोळ्यांखालून गेले असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. मी, ज्याने ड्रॉइंगचा आकडा वाचल्याशिवाय एका बोल्टवरही कधी सही केली नाही, तो रोज न वाचता अंगठा दाबत होतो. हे साडूंच्या हकिकतीत नाही. त्यांना ते माहीतच नाही. मीच आज सांगतो आहे.

आमच्या विभागाचा एक नियम होता. माप घेण्याच्या साधनाविषयी शंका आली की ते आधी लाइनवरून उतरवायचे, त्याला लाल टॅग बांधायचा, त्यावर 'होल्ड' लिहून सही करायची. चौकशी त्यानंतर. ती चालू असेपर्यंत त्या साधनाने एकही माप घ्यायचे नाही, मग लाइन थांबली तरी चालेल. असे टॅग पुतण्याच्या वर्कशॉपसाठी मी पिशवीत बाळगतो. मी तिला विचारले, उतरवू का? ती हात पुसून म्हणाली, "उतरवा. इचारलं तर मी म्हणलं म्हणून सांगा."

मी स्क्रू काढू लागलो. साडू आले तेव्हा चौथा स्क्रू निघत होता, म्हणजे त्यांनी घटनेचा एक चतुर्थांश पाहिला आहे. आणि पोरे हसली ती माझ्या फोनला नाही. पुढच्या बसची पोरे आली, त्यांनी रिकाम्या पत्र्याशी टांगलेली पाटी आणि तिच्यावर कारखान्यातला लाल टॅग पाहिला आणि एकजण म्हणाला, "भावा, चहा रिजेक्ट झाला का रे?" त्यावर हसली. विनोद बरा होता. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून रोख. खोळंबा नको म्हणून मी पिंपरीच्या बाजारात जाऊन सुट्टी नाणी आणली आणि बाकावर बसून पोरांना मोडून देऊ लागलो. साडूंच्या आनंदाला सीमा राहिली नाही. "या, या, आलात ना आमच्यात?" असे ते मला रोज सकाळी म्हणत आणि मी चौकशी पूर्ण होईपर्यंत उत्तर देणार नाही असे सांगत असे.

तिसऱ्या दिवशी दीर आला. टेम्पो रस्त्यातच उभा करून खाली उतरला. तरणा, धिप्पाड, तोंडात कसलीशी गोळी. पाटी आणि टॅग बघितला आणि थबकला.

"कोड कुणी काढला?"

"मी," मी म्हणालो. "होल्डवर आहे."

चाकणमध्ये माल वाहणारा माणूस तो. लाल टॅगचा माल सहीशिवाय उचलला तर फेरीचे भाडे जाते आणि वर कंपनीचे दार बंद होते, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक. त्याने पाटीकडे हात नेला आणि मागे घेतला. मग स्वतःवरच चिडल्यासारखा म्हणाला, "काका, ही काय कंपनी आहे का? सोडवायला सही कुणाची लागंल मग?"

"हिची."

तो वहिनीकडे वळला. "वैनी, घरचेच पैसे आहेत ना? मी काय दारू पितोय का? टेम्पो कुणासाठी घेतला?"

ती म्हणाली, "पोरीची फी होऊ द्या."

तो बॉक्स उचलून घेऊन गेला. पाटीला मात्र त्याने बोट लावले नाही. तो वाईट माणूस नाही, हे मी इथे मुद्दाम लिहितो. टपरीचा पहिला पत्रा त्याच्याच पैशांचा होता, आणि आपण काही गैर करतो असे त्याला खरोखरच वाटत नव्हते.

इकडे आमची धावपळ चालू होती. गावाकडे असताना तिच्या नावाचे एक बँकखाते उघडलेले होते, पासबुकही होते. पण खात्याला जोडलेला फोन नंबर कोणाचा? दिराचाच. म्हणजे खाते तिचे, आणि खात्याचा निरोप त्याला. तिचा स्वतःचा नंबरच नव्हता. मुलीच्या अभ्यासाचा जुना फोन होता, त्यासाठी आम्ही पिंपरी कँपातल्या गल्लीत सिम घ्यायला गेलो. दुकानदाराने मला विचारले, "चाचा, किसके नाम पे?" मी तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "माझ्या."

बँकेत नंबर बदलण्याचा अर्ज दोनदा परत आला. एकदा सही जुळली नाही, एकदा पत्ता, आणि तिसऱ्यांदा खिडकीपलीकडचा तरुण म्हणाला, "आजोबा, दोन-तीन दिवस लागतील. तुम्ही यांचे कोण?"

"मी यांच्याकडे चहा पितो."

"नातेवाईक हवेत."

"खातेदार समोर उभी आहे. तुम्हाला खातेदार हवी की नातेवाईक?"

रांगेतले लोक माझ्या बाजूने बोलू लागले तेव्हा त्याने अर्ज घेतला. घरी येऊन मी ही गोष्ट रंगवून सांगितली. माझ्या पत्नीने भाजी निवडताना मान वर न करता विचारले, "आणि माझ्या नावाचं खातं कुठल्या बँकेत आहे हो?" तो विषय वेगळा आहे. मी तो त्याच आठवड्यात मिटवला.

सहाव्या दिवशी ते घडले, जे साडू कधीच सांगत नाहीत. मी आणि साडू बाकावर होतो. दीर आला, सरळ टपरीच्या मागे गेला, पोह्यांच्या परातीखालचा पत्र्याचा डबा काढला आणि पाच दिवसांची जमा रोकड खिशात कोंबून निघाला. हप्त्याची तारीख होती. टेम्पो सुरू करताना तो म्हणाला, "डब्याला काय टॅग न्हाई लावला काकांनी." ती पळाली त्याच्या मागे, दोन पावले. मग थांबली, कारण बस आली होती आणि पोरे चहा मागत होती.

मी साडूंकडे पाहिले. "नोट हातात असली की मालक. कुणाच्या हातात?" असे मी विचारले, आणि निष्ठुरपणे विचारले हे आज कबूल करतो.  साडू उठले, टपरीवर गेले आणि तिने न मागताच रिकामे ग्लास विसळू लागले. हेही ते सांगत नाहीत. बहुधा लाज वाटते.

पंधरापैकी नऊ दिवस उरले होते आणि जमा शून्य. त्या दिवशी दुपारी तिचा नवा नंबर खात्याला जोडल्याचा बँकेचा निरोप आला. मला असा आनंद माझ्या निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. मुलीने फोनवर सारे काही जुळवले, झेरॉक्सवाल्याकडून नवा कोड छापून, लॅमिनेट करून आणला. पत्र्यावर तो मी बसवला, त्याच चार स्क्रूंनी. बोलका बॉक्स नव्हता. पैसे आले की फोन तिच्या कमरेच्या पिशवीत थरथरे आणि ती चहा गाळता गाळता मान हलवी.

काय ते दिवस होते. बसथांब्यावरच्या पोरांना मुलीच्या हप्त्याची बातमी लागली. जी एक चहा घेत ती दोन घेऊ लागली. बाकावरच्या आम्ही सर्वांनी घरचा नाश्ता बंद केला, त्यावरून घरोघरी झालेली भांडणे वेगळी. साडूंच्या फोनमध्ये पैसे पाठवण्याची सोयच नव्हती. चौथ्या दिवशी ते फोन माझ्यापुढे धरून, दुसरीकडे बघत म्हणाले, "यात ते घालून द्या जरा." मी घालून दिले. पहिल्यांदा पैसे पाठवताना त्यांनी आकडा तीनदा मोठ्याने वाचला. मी हसलो नाही. तशी दया त्यांनी मला दाखवलेली नाही.

दीर मधेच एकदा आला. डबा उघडला. त्यात चमचे होते. मग तो नरमाईने म्हणाला, "वैनी, फोन दे जरा. थोडे तरी टाकतो माझ्याकडं."

"फोन घ्या," ती म्हणाली आणि खरेच त्याच्या हातात दिला. त्याने तो उघडला, अॅप उघडले, रक्कमही घातली. मग थांबला. "पिन?"

"त्यो न्हाई."

"अगं, सांग की."

"फी झाल्यावर तुमच्या टेम्पोला द्यायचे तर मी टाकीन भावजी. माझ्या हातानं."

त्याने फोन परत दिला. चहा मात्र पिऊन गेला, आणि त्याचे दहा रुपये नव्या कोडवर टाकून गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

मुदतीच्या आदल्या सकाळी, बस गेल्यावर, मुलीने कॉलेजचे पान उघडून फोन आईकडे दिला. हप्त्याची रक्कम पूर्ण जमली होती, वर थोडे उरतही होते. मी टपरीच्या एका बाजूला उभा, साडू दुसऱ्या बाजूला, मुलगी आईच्या खांद्याला खेटून. तिने रक्कम वाचली. कॉलेजचे नाव दोनदा वाचले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, जरा तिकडं तोंड करा."

आठ महिने तिला शिकवणारा मी. बँकेत तिच्यासाठी भांडलेला मी. क्षणभर मला ते लागले. मग मी बागेच्या भिंतीकडे वळलो. साडू माझ्याशेजारी येऊन त्याच भिंतीकडे बघत उभे राहिले आणि पुटपुटले, "आपल्याला पण?" मागे तिने मुलीलाही दूर सरायला सांगितलेले ऐकू आले.

फी भरली गेली. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. साडूंनी खुशाल नोटेचे गुणगान करावे, माझ्या मुलाने फोनचे करावे. या वादात माझ्यापुरता निकाल एका गोष्टीने लागतो, आणि तिच्याविरुद्ध दोघांपैकी कोणीही मला आजवर काही सांगू शकलेले नाही. तो चार आकडी पिन तिने दिराला सांगितलेला नाही, नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि मला तर नाहीच.